तारीख गळालेली बातमी

२७ जुलै २०१९ चा शनिवार. मुंबईहून कोल्हापूरला निघालेली महालक्ष्मी एक्स्प्रेस उल्हास नदीच्या पुरात वांगणीजवळ अडकली होती. हजारावर प्रवासी डब्यांत होते आणि टीव्हीवर सकाळपासून तेच चालू होते. आमच्या दहिवलीला उल्हास काही नवी नाही, पूल ओलांडला की कर्जत. पण त्या सकाळी पाणी बघायला गेलेली जुनीजाणती माणसेही गप्प होती. नऊ-साडेनऊला माझ्या फोनवर मेसेज आला: धरणाची भिंत फुटली आहे, दोन तासांत पाणी पोहोचेल, नदीकाठच्यांनी ताबडतोब घरे सोडावीत, जास्तीत जास्त लोकांपर्यंत पोहोचवा. मी पोहोचवला. आधी नदीच्या अंगाला राहणाऱ्या माझ्या फुफींना, मग खानदानाच्या ग्रुपवर.

फुफी तेव्हा एकाहत्तर वर्षांच्या, घरात एकट्या. कागदपत्रांची पिशवी आणि औषधे घेऊन त्या भर पावसात बाहेर पडल्या आणि गल्लीच्या उतारावर घसरल्या. उजवे मनगट मोडले. धरण वगैरे काही फुटलेले नव्हते.

त्याच महिन्याच्या २ तारखेच्या रात्री मात्र चिपळूण तालुक्यातले तिवरे धरण खरोखर फुटले होते. वीसच्या आसपास माणसे गेली. माझी खात्री आहे की तो मेसेज त्याच दिवसांतला होता. ज्याने पहिल्यांदा लिहिला त्याने खरे तेच लिहिले असेल, कोणाचा जीव वाचावा म्हणून लिहिले असेल. पुढच्या पंचवीस दिवसांत हातोहात फिरताना त्यावरचे गाव गळाले, तारीख गळाली, लिहिणाऱ्याचे नाव तर बहुधा कधी नव्हतेच. एक खरी बातमी दहिवलीला येईपर्यंत खोटी झाली.

फुफींनी दोष दिला नाही. प्लास्टरचा हात मांडीवर ठेवून एवढेच म्हणाल्या, "तू पाठवलंस म्हणून निघाले रे. दुसऱ्या कोणी पाठवलं असतं तर आधी शेजारी विचारलं असतं."

म्हणजे ज्या मेसेजवर कोणाचेच नाव नव्हते, त्याला माझे नाव लागले. हे वाक्य मला अजून टोचते. टोचण्याचे आणखी एक कारण आहे. फोनवर बातमी कशी वाचावी हे मला माहीत नव्हते असे नाही. मी ते बरीच वर्षे नीट करत होतो.

२००१ साली कुवेतहून सुट्टीवर आलेल्या मामूंनी मला त्यांचा जुना पाम एम१०० दिला. हिशेब ठेवायला घेतला होता, कंटाळले. तळहाताएवढे यंत्र, १६० बाय १६० ठिपक्यांचा राखाडी पडदा, मेमरी दोन एमबी, आणि चालायचे दोन बारीक पेन्सिल सेलवर. फोन नव्हता तो, इंटरनेटही नव्हते. पण ऑफिसच्या कॉम्प्युटरला वायरने जोडला की 'ॲव्हँटगो' नावाची सेवा आपण निवडून ठेवलेल्या वृत्तपत्रांचा मजकूर त्यात उतरवून द्यायची. मी मशीद बंदरला एका क्लिअरिंग एजंटकडे कारकून होतो. संध्याकाळी निघण्याआधी पाच मिनिटे वायर लावायची आणि कर्जत लोकल पकडायची. डब्यात एका टोकाला भजनी मंडळ, मध्ये रमीचा डाव, आणि खिडकीशी मी ती पाटी घेऊन. लोकांना वाटायचे गेम खेळतोय.

त्या वाचनातली एक गोष्ट आज सांगितली तर मुलांना विचित्र वाटते: ते संपायचे. जेवढे भरले तेवढेच. बदलापूर सोडले, वांगणी गेली, शेलू-नेरळ येईतो सगळे वाचून झालेले असायचे आणि भिवपुरीला मी यंत्र बंद करून डोळे मिटून बसायचो. आज रात्री एक वाजता अंगठा वर वर सरकवत असताना कधीकधी मला ते भिवपुरी स्टेशन आठवते.

मग २००६ च्या सुमारास जीपीआरएसवाला नोकिया घेतला, त्यात ओपेरा मिनी टाकला, आणि कोणीतरी गूगल रीडर दाखवला. तिथे मला फीड ही चीज कळली.

तरुण वाचकांसाठी थोडे सांगायला हवे. फीड देणारे वृत्तपत्र आपल्या साइटवर एक साधी फाइल ठेवते. तिच्यात फक्त यादी असते: मथळा, दोन ओळी सारांश, मूळ बातमीचा पत्ता आणि प्रसिद्धीची वेळ. तुमच्याकडचा वाचक-प्रोग्राम ठरावीक वेळाने जाऊन ती फाइल बघतो आणि नवे काही असेल तर तुमच्यापुढे मांडतो. बस, एवढेच. ही पद्धत १९९९ मध्ये नेटस्केप कंपनीत सुरू झाली, तिचे आज वापरात असलेले रूप २००२ चे. तुम्ही पाच वृत्तपत्रे निवडली तर पाचांच्याच बातम्या येणार, सहाव्याची येणार नाही. नवी वर, जुनी खाली. मधे कोणी बसून 'तुम्हाला हे आवडेल' असे ठरवत नाही.

ह्या पद्धतीचे इंग्रजी नाव 'रिअली सिंपल सिंडिकेशन', आणि त्याची आद्याक्षरे आरएसएस. मी एकदा जेवताना अब्बांना सांगितले की हल्ली मी रोज सकाळी आरएसएस वाचतो. त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिले आणि विचारले, "कधीपासून?" अम्मी हसत सुटली. पुढे घरात तो शब्द बरीच वर्षे गमतीत चालला.

फीडचा दुसरा गुण शुद्ध पैशाचा होता. माझ्या कार्डावर दर दहा केबीला दहा पैसे कापले जायचे, म्हणजे एका एमबीला साधारण दहा रुपये. एखाद्या वृत्तपत्राचे पहिले पान चित्रे आणि जाहिरातींसकट उघडले तर पाचशे केबी सहज, म्हणजे पाच रुपये. त्यापेक्षा छापील अंक स्वस्त. तीच बातम्यांची यादी फीडमधून पंधरा-वीस केबीत यायची. वीस पैशांत जगाचे मथळे! गरजेपोटी लागलेली सवय होती ती, त्यात कसले तत्त्व नव्हते. पण तिने मला शिकवले बरेच.

११ जुलै २००६ ची संध्याकाळ. पश्चिम रेल्वेच्या लोकलमध्ये सात स्फोट. आमची लाइन मध्य रेल्वेची, तरी दुसऱ्या दिवशी डब्यात भजन झाले नाही. मी त्या आठवड्यात फीड वाचत होतो ते अजून आठवते. एकाच घटनेचे पाच मथळे एकाखाली एक. कोण 'संशयित' लिहितो, कोण थेट 'अतिरेकी'. कोण आकडा देताना पोलिसांचे नाव देतो, कोण देत नाही. सकाळी सातच्या मथळ्यात जे ठाम होते ते दुपारी दोनच्या मथळ्यात 'सूत्रांच्या माहितीनुसार' झालेले. दाढीवाल्या माणसाने त्या दिवसांत लोकलमध्ये कसे बसावे हा प्रश्न वेगळा, त्यावर केव्हातरी लिहीन. इथे सांगायचे ते एवढेच की बातमीला घड्याळ असते आणि बातमीला धनी असतो, हे मला पत्रकारितेच्या पुस्तकाने शिकवले नाही. त्या दोन इंची पडद्यावरच्या रांगेने शिकवले.

आता खंत. हे सगळे मी इंग्रजीत वाचत होतो.

मराठी माझ्या फोनमध्ये चौकोनांच्या रूपात यायची. अक्षरांऐवजी रिकामे डबे, एकापुढे एक, मालगाडीसारखे. आपल्या बहुतेक वृत्तपत्रांचे तेव्हा प्रत्येकी वेगळे फाँट होते. तो फाँट कॉम्प्युटरवर उतरवला नाही तर पानावर नुसती चिन्हे दिसत. हळूहळू वृत्तपत्रे युनिकोडवर आली, कॉम्प्युटरवर मराठी सुधारली. 'मराठी ब्लॉग विश्व'सारखी जागा तर फीडच्याच जोरावर उभी होती; नोंदवलेल्या ब्लॉगांवर नवे काही आले की तिथे दिसायचे. पण हातातल्या फोनला त्याचे काही नव्हते, त्याच्यात देवनागरी अक्षरेच नव्हती. मग कुठून तरी तोडगा फिरत आला: ओपेरा मिनीच्या पत्त्याच्या पट्टीत 'ओपेरा:कॉन्फिग' टाइप करा, अगदी खालच्या ओळीत जटिल लिप्यांसाठी चित्र-अक्षरे वापरायची सोय आहे, ती चालू करा. कंपनीचा सर्व्हर अक्षरांची चित्रे करून धाडायचा आणि चौकोनांच्या जागी मराठी दिसायची. मी हा तोडगा डब्यातल्या निदान वीस जणांना करून दिला असेल. अर्थात चित्रे म्हटली की केबी वाढले, केबी वाढले की पैसे. आपल्या भाषेत वाचायचे तर दंड भरा, असा तो प्रकार.

उर्दूची गोष्ट याहून वाईट. अब्बा सकाळी 'लोकसत्ता' आणि दुपारी 'इन्किलाब' वाचणारे. आमच्यासारख्या घरांत हे काही विशेष नाही. चौकात मराठी, मदरशात उर्दू. उर्दूला नस्तालीक लागते, आणि नस्तालीक वेबवर नीट दिसत नसे, म्हणून उर्दू वृत्तपत्रे अख्ख्या पानाचे चित्रच साइटवर टाकत. चित्र फीडच्या यादीत मथळा म्हणून येत नाही, शोधता येत नाही, आणि दोन इंची पडद्यावर वाचायचे तर सरकवता सरकवता ओळ हरवते. अब्बांनी एकदा माझा फोन हातात घेऊन ती सगळी रांग बघितली आणि विचारले, "यात आपलं कुठलं आहे?" मी म्हणालो, येईल. ते २०११ मध्ये गेले.

आणि आले, ते कसे आले बघा. २०११-१२ च्या सुमारास अँड्रॉइड फोनमध्ये देवनागरी धड दिसू लागली. १३ मार्च २०१३ ला गूगलने जाहीर केले की रीडर बंद, आणि १ जुलै २०१३ ला तो बंद झाला. ॲव्हँटगो तर २००९ मध्येच गेली होती. सप्टेंबर २०१६ मध्ये जिओ आले आणि डेटा कवडीमोल झाला. म्हणजे आपली भाषा फोनच्या दारात आली तेव्हा निवडून वाचायची सोय मागच्या दाराने निघत होती, आणि गावातल्या प्रत्येकाच्या हातात नेट आले तेव्हा तिचे नावही कोणाला माहीत नव्हते. इंग्रजी वाचकाला वेबवर बातमी निवडून वाचायची दहा-बारा वर्षे सवय मिळाली. मराठी, उर्दू वाचकाला ती मिळालीच नाही. तो छापील अंकावरून थेट फॉरवर्डवर आला. फुफी तर रेडिओवरून.

माझे म्हणणे आहे की आपल्या समाजात, आणि इथे समाज म्हणजे दहिवलीतला सगळाच समाज, जे अफवांचे पीक येते त्याचे एक कारण या तुटलेल्या पायरीत आहे. 'लोक अडाणी आहेत, काहीही फॉरवर्ड करतात' हे म्हणणे सोपे आहे. मी तर अडाणी नव्हतो. माझ्या हातातले साधन असे होते की त्यात मथळा होता, मजकूर होता, फक्त नाव आणि वेळ ठेवायला जागाच नव्हती. १ जुलै २०१८ ला धुळे जिल्ह्यात राईनपाड्याला मुले पळवणारे समजून जमावाने नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच जणांना ठेचून मारले. त्याच महिन्यात व्हॉट्सॲपने भारतात एका वेळी पाचच ठिकाणी पाठवायची मर्यादा घातली आणि मेसेजवर 'फॉरवर्डेड' अशी खूण आली. खूण चांगलीच आहे. पण हा मूळ कोणाचा, केव्हाचा, हे त्या खुणेत नाही. माझ्या धरणाच्या मेसेजवर ती खूण होती. मी बघितली होती.

मुसलमानांना हे वेगळे सांगायला नको. २ जून २०१४ ला हडपसरमध्ये आयटीत काम करणाऱ्या एका तरुणाला जमावाने मारून टाकले, फेसबुकवर फिरलेल्या काही चित्रांच्या रागातून. त्या चित्रांशी त्याचा काहीही संबंध नव्हता. चित्रांवर टाकणाऱ्याचे खरे नाव नव्हते, म्हणून रस्त्यात दिसलेल्या टोपीला आणि दाढीला ते नाव लागले. आणि उलट बाजूही प्रामाणिकपणे लिहिली पाहिजे. आपल्या ग्रुपांवरही भलत्या देशातल्या, भलत्या सालच्या मारहाणीचे व्हिडिओ 'काल अमुक ठिकाणी' म्हणून फिरतात आणि आपण 'या अल्लाह' लिहून पुढे ढकलतो. जुम्म्याच्या बयानात खबरीची तहकीक करा हे ऐकून बाहेर पडायचे आणि चपला घालता घालता फॉरवर्ड करायचे!

शाळेत शिकवणारा माझा एक मित्र म्हणतो, फीडमध्येही खोटे येतेच की, वृत्तपत्रे काय धुतल्या तांदळासारखी आहेत? नाहीत. पण तिथे खोटे आले तर ते कोणाचे हे मला माहीत असते. मी पत्र लिहू शकतो, त्यांना काढून टाकू शकतो. यादीतून एक वृत्तपत्र काढायला तीन सेकंद लागतात. खानदानाच्या ग्रुपमधून चाचाला काढून बघा.

त्याचे दुसरे म्हणणे मात्र मी मान्य केले. फीडमध्ये दहिवली कधीच नव्हती. वीज कधी येणार, पुलावर पाणी आहे का, कोणाचा इंतकाल झाला आणि जनाजा किती वाजता, हे मला बीबीसी सांगणार नव्हती. ते ग्रुपनेच सांगितले आणि आजही सांगतो. त्यासाठी मी त्या ग्रुपांचा ऋणी आहे. इर्शाळवाडी आमच्या शेजारच्या खालापूर तालुक्यातली. १९ जुलै २०२३ च्या रात्री डोंगर वाडीवर आला. वाडीपर्यंत गाडीरस्ता नव्हता, आणि दरडींचा धोका असलेल्या गावांच्या यादीत त्या वाडीचे नावच नव्हते. ज्यांना इशारा कोणी लिहिलाच नाही, त्यांना कुठली फीड काय करणार? हे लक्षात ठेवूनच पुढचे लिहितो.

फीड मेलेली नाही. तुम्ही ऐकता ते बहुतेक पॉडकास्ट तिच्यावरच चालतात. बीबीसी मराठीची फीड आहे, अनेक मराठी वृत्तपत्रांची आहे, ब्लॉगस्पॉट आणि वर्डप्रेसवरचा प्रत्येक ब्लॉग ती आपोआप काढतो, यूट्यूबच्या चॅनेललाही असते. इतकेच काय, राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाची 'सचेत' ही इशाऱ्यांची व्यवस्था आतून याच रीतीने बोलते: प्रत्येक इशाऱ्याला पाठवणारा कोण, कधी पाठवला आणि कधीपर्यंत लागू, हे रकाने असतात. 'कधीपर्यंत लागू' हा रकाना मला सगळ्यात आवडला. माझ्या मेसेजला तो असता तर ३ जुलैलाच मेला असता.

मग माझी मागणी साधी आहे. तालुक्यात धरणाचे पाणी सोडणे, पूल बंद करणे, शाळांना सुट्टी देणे ह्या सूचना आज रंगीत चित्र करून ग्रुपवर सोडल्या जातात. कोपऱ्यात बारीक तारीख असली तर असली. पुढच्या पावसाळ्यात तेच चित्र पुन्हा फिरते आणि लोक नदीवर धावतात, किंवा आणखी वाईट, खऱ्या सूचनेलाही 'जुनी असेल' म्हणून सोडून देतात. चित्राऐवजी अक्षरे द्या. एका ठरलेल्या पत्त्यावर यादी ठेवा: काय, कोणी, केव्हा, कधीपर्यंत. ती फाइल ठेवायला मोठा निधी लागत नाही, निविदा लागत नाही. मराठी वृत्तपत्रांनाही विनंती आहे, ज्यांनी फीड ठेवली आहे त्यांनी ती साइटच्या तळाशी लपवू नका. जाहिरात तिच्यात बसत नाही हे मला कळते. ती नको असण्याचे खरे कारण तेच आहे असा माझा संशयही आहे.

गेल्या रमजानमध्ये फुफींच्या फोनवर मी फीड वाचायचे एक फुकट ॲप टाकून दिले. तीन मराठी वृत्तपत्रे, एक उर्दू, आणि आरोग्यावर लिहिणाऱ्या एका बाईंचा ब्लॉग. अक्षरे मोठी केली. उर्दू आता अक्षरांत येते, चित्रात नाही. त्यांनी डाव्या हाताने वर-खाली करून बघितले. उजवे मनगट अजून पूर्ण वळत नाही. प्रत्येक मथळ्याखाली वृत्तपत्राचे नाव आणि वेळ होती, ती त्यांनी मोठ्याने वाचली, जणू मथळ्याचाच भाग असावा. खाली पोहोचल्यावर अंगठा थांबला.

"पुढे काही नाही?"

"संपलं, फुफी. आता असरनंतर बघा."

त्यांनी फोन उशाशी ठेवला आणि विचारले, "आणि जनाज्याची खबर यात येते का रे?"

मी नाही म्हणालो.

"मग तो ग्रुप राहू दे," त्या म्हणाल्या.